कुलूप तुटलं नव्हतं, कोयंडा उखडला होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरफोडीची बातमी आली की एक वाक्य ठरलेलंच असतं, "चोरट्यांनी कुलूप तोडून आत प्रवेश केला". आता माझं ऐका. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा कुलूप तुटलंच नव्हतं. दारासमोर फरशीवर पडलेलं, बंदच्या बंद, कोयंड्यासकट, आणि कोयंड्यात चार बारके स्क्रू तसेच अडकलेले, त्यांच्या आट्यांमध्ये लाकडाचा भुसा. मी चावी लावून बघितली तर एकदम मस्त फिरली! म्हणजे कुलूप घेताना आम्ही चार जणांना विचारलं, हातात तोलून बघितलं, आणि ते ज्याच्या जीवावर लटकणार ते स्क्रू बोटाच्या पेराएवढेसुद्धा नव्हते, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

चावीशिवाय कुलूप उघडणारे कलाकार असतात, नाही असं नाही. १८५१ साली लंडनमध्ये आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचं कुलूप उघडून दाखवलं, तोवर ते कुणालाच उघडलं नव्हतं, पण त्यालाही सगळे मिळून ५१ तास लागले. आपल्याकडे येणाऱ्याला एवढा वेळ कुठे? तो पहार घालतो आणि जिथे कच्चं आहे तिथून उचकटतो. युरोपात दारांच्या मजबुतीची टेस्ट होते ती पण मिनिटांत मोजतात, आरसी २ दर्जाच्या दाराने हत्यारांसमोर ३ मिनिटं टिकायचं, आरसी ३ ने ५ मिनिटं. न फुटणारं दार असं काही नसतंच, आपण फक्त वेळ विकत घेतो.

नंतर सुतार आले त्यांनी कोयंड्याचे स्क्रू काढून आरपार बोल्ट घातले, नट आतल्या बाजूला. मग दार बंद केल्यावर खटका चौकटीत ज्या पट्टीत जातो ना, त्या पट्टीचे स्क्रूही बदलले, तीन इंची घातले म्हणजे ते चौकटीतून पार भिंतीत जातात. बिजागऱ्या बघितल्या का, हे त्यांनीच विचारलं. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते, ती ठोकून काढली की कुलूप बिचारं बघत राहतं.

आणि ज्यांच्याकडे लॅच आहे त्यांनी नुसतं दार ओढून निघू नये प्लीज, साध्या लॅचची जीभ तिरकी असते, फटीतून प्लास्टिकचं कार्ड सरकवलं की ती मागे जाते. चावी फिरवून चौकोनी बोल्ट बाहेर काढायलाच हवा. बाहेरून लटकवलेल्या कुलपाचा अजून एक घोळ म्हणजे ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं की घरात कुणी नाहीये. दारात बसवलेलं कुलूप निदान चुगली तरी करत नाही.

सरकत्या खिडक्यांचं पण असंच आहे. खालच्या खाचेत काठी टाकली की सरकत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण बऱ्याचशा खिडक्या बाहेरून वर उचलून काढता येतात, त्यासाठी वरच्या खाचेत एक-दोन स्क्रू थोडे बाहेर राहतील असे मारायचे. ग्रिल असेल तर एखादं तरी आतून उघडणारं ठेवा आणि त्याची चावी कुठे आहे ते घरातल्या लहानांना पण माहीत हवं, आग लागली तर तुम्हीच अडकाल.

कॅमेऱ्यांबद्दल लिहीत नाही, सगळे तेच लिहितात. त्यात टोपी घातलेला माणूस दिसतो, बस. लावायचाच असेल तर त्याच्यासोबत आलेला पासवर्ड आधी बदला.

तुम्हाला विनंती एवढीच की बातमीत काय काय गेलं याची यादी देता तशी चोर आत कुठून आणि कसा आला, काय उखडलं, हे पण विचारून एका ओळीत छापा. ते वाचून माणूस उठून आपल्या दाराचे स्क्रू तरी बघेल.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. ते कुलूप आता माळ्यावरच्या पेटीला लावलंय. अजूनही छान चालतं.