प्रयोगशाळेला नाव कुणाचे?

महोदय,

प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळेचे बारसे कसे करतात, हे मी नोकरीभर पाहिले. कुणी आद्याक्षरे ओढूनताणून जुळवतो; आधी गोंडस नाव ठरते, मग त्यात विषय कोंबला जातो! कुणी सरळ स्वतःचे आडनाव लावतो. मग ते निवृत्त झाले की पाटी उतरते आणि विद्यार्थ्यांच्या परिचयपत्रात बंद पडलेल्या जागेचे नाव उरते. केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्राची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा मात्र १८७४ पासून त्याच नावाने चालते. मॅक्सवेल, रॅले, थॉमसन, रदरफर्ड असे प्रमुख आले-गेले, पाटी तीच. (नाव देणगीदार ड्यूकच्या घराण्याचे, ही गोष्ट वेगळी.) मला विषयाचेच साधे नाव पसंत आहे, पण फार नेमके नको. एका जिवाणूच्या नावाने प्रयोगशाळा काढून पुढे विषाणूंवर काम करणारे गृहस्थही मी पाहिलेत.

— एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक