पऱ्याच्या पाण्यावरही वीज करू द्या

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांवर वीज जायला लागते. तारांवर फांदी पडते, खांब कलतो, वायरमन भर पावसात रान तुडवत फॉल्ट शोधत फिरतो. त्याला बोल लावायचा नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर तर दापोली-मंडणगडातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. आणि नेमक्या याच दिवसांत घरामागचा पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, धो धो वाहत असतो.

त्या पाण्यात किती वीज आहे, ते बादलीनेही मोजता येतं. छोटा बांध घालून पाणी पाइपात घ्यायचं आणि खाली २० लिटरची बादली धरायची. ती दोन सेकंदांत भरली, तर सेकंदाला १० लिटर. हेच पाणी २० मीटर खाली उतरवून टर्बाइनवर, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरून वीज करणाऱ्या चाकावर, सोडलं आणि निम्मी शक्ती वाया गेली असं धरलं, तरी एक किलोवॉट हाती लागतो. तोही रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला २४ युनिट. एक किलोवॉटचं सोलर चांगल्या उन्हात चारेक युनिट देतं. आषाढात आमच्याकडे ऊन असतंच कुठे?

कोयनेचं पाणी घाटाखाली सोडून पोफळी गावात वीज होते, ती साठच्या दशकापासून. तत्त्व तेच, आकार घरापुरता.

छपरावरच्या तीन किलोवॉट सोलरला केंद्राकडून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. तसाच आधार राज्याने घरगुती जलविजेला द्यावा. परवानगीसाठी एकच खिडकी असावी. तालुक्याच्या आयटीआयत टर्बाइन दुरुस्त करणारी मुलं तयार व्हावीत, कारण हे यंत्र बसवून विसरून जाण्यासारखं नाही: पावसात पाइपाच्या तोंडाची जाळी पालापाचोळ्याने दिवसातून दोनदासुद्धा तुंबते, गाळ आत गेला तर चाक झिजतं.

एक अट मात्र कडक हवी. वापरलेलं पाणी पुन्हा त्याच पऱ्यात सोडलं पाहिजे आणि बांधापासून तिथपर्यंतचा मधला पट्टा कोरडा पडता कामा नये. खाली कुणाची तरी सुपारीची बाग त्यावरच जगते.

बरेचसे पऱ्ये दिवाळीनंतर आटतात, हे खरं. तेव्हा सोलर आहेच. या पावसाळ्यात निदान एका तालुक्यातले पऱ्ये मोजण्याचा आदेश काढा. बादली धरायला आम्ही येतो.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातील एक बागायतदार