अण्णांच्या उपचाराबद्दल सुमनला पत्र

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुमे,

अण्णांच्या कॅन्सरचे सगळे रिपोर्ट रात्री नीट बघितले. फोनवर तू रडत होतीस, मागून दादा जोरजोरात बोलत होता, म्हणून तेव्हा फार काही सांगितलं नाही. हे सावकाश वाच. दादालाही वाचून दाखव.

तीन डॉक्टर, तीन सल्ले, मग खरं कुणाचं मानायचं, असं तू विचारतेस. एक म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात आधी केमो देऊन गाठ लहान करू, तिसऱ्यांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. आणि आपल्याकडे पैसा नाही हे ओळखून तिसऱ्यांनी हात वर केले, असं तुझ्या मनात बसलंय. मला तसं वाटत नाही. तिघांनी अण्णांच्या आजाराची तीन वेगवेगळी टोकं धरलीत.

पहिल्या दोघांचा वाद एका खाचेवरून आहे. अण्णांचा कॅन्सर गालातून खालच्या जबड्याच्या हाडात गेलाय. या हाडाचा मागचा भाग कानाकडे वर चढतो आणि त्याच्या माथ्यावर एक खाच असते. आजार तिच्या खाली असेल तर तो मुळासकट काढता येण्याची आशा बरी असते. वर, कवटीच्या तळाकडे सरकला असेल, तर थोडा मागे राहून जाण्याची भीती असते. अण्णांच्या सीटीत तो नेमका त्या खाचेपाशी दिसतो. म्हणून एकांना ऑपरेशन जमेल असं वाटलं, दुसऱ्यांना आधी आजार आक्रसून घ्यावासा वाटला. त्यात अण्णांचं तोंड एकच बोट उघडतं. तंबाखू-सुपारीने गाल आतून आवळल्यामुळेही असं होतं आणि कॅन्सर चावण्याच्या स्नायूंत शिरल्यानेही होतं. दोन्हींचा अर्थ फार वेगळा. इथे एमआरआय लागेल, आणि तो बघायला रेडिऑलॉजिस्ट आणि सर्जन एकाच स्क्रीनसमोर बसलेले हवेत.

तिसऱ्यांनी पाहिला तो अण्णांचा देह. वय ७२, जुनी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.९, उतरलेलं वजन. हे शरीर मोठा उपचार सोसेल का, हा त्यांचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. त्यांनी लिहिलेल्या मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्याही कमअस्सल नाहीत. टाटा हॉस्पिटलने त्यांची सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाशी तुलना केली आणि २०२० साली निष्कर्ष छापले. गोळ्या घेणारे निम्मे रुग्ण साडेसात महिन्यांहून जास्त जगले, सिस्प्लॅटिन घेणारे निम्मे सहा महिन्यांहून थोडे जास्त. पण ते सगळे रुग्ण बरं होण्याच्या पलीकडे गेलेले होते. अण्णा त्यांच्यात बसतात का, हेच अजून ठरलेलं नाही. शिवाय मूत्रपिंड कमजोर असताना मेथोट्रेक्सेट अंगात साठतं. त्यामुळे क्रिएटिनिन दाखवून, डोस विचारून मगच त्या सुरू करा.

हे ठरतं ट्यूमर बोर्डात. तिथे सर्जन, केमोचे डॉक्टर, आम्ही रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसतो. रुग्णाचे स्कॅन भिंतीवर लागतात आणि सरळ भांडाभांडी होते. मला ही भांडाभांडी फार मोलाची वाटते. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला तेच आधी सुचतं. मलाही रेडिएशनच सुचतं. समोरचा "का?" म्हणून अडवतो तेव्हा कारण सांगावं लागतं, आणि कधी कधी ते सांगता येत नाही. तिथेही गाडी अडली तर नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, त्याच्यामार्फत देशभरातल्या तज्ज्ञांसमोर केस ऑनलाइन मांडता येते.

स्कॅन बघून झाले की आम्ही रुग्णाला आत बोलावतो. मी तर आधी चालच बघते. स्वतःची अंघोळ स्वतः करतो का? दिवसातला किती वेळ अंथरुणावर जातो? अण्णा अजून सकाळी मळ्यापर्यंत चालत जातात असं तू म्हणालीस. सुमे, क्रिएटिनिनच्या आकड्याइतकीच ही गोष्ट माझ्या लेखी मोठी आहे.

माझं मत विचारशील तर एमआरआयमध्ये आजार खाचेखाली निघाला आणि भूलतज्ज्ञांनी होकार दिला, तर ऑपरेशन. गाल भरून काढायला छातीचा स्नायू फिरवून लावला तर मांडीचं मांस रक्तवाहिन्या जोडून लावण्यापेक्षा कमी तास लागतात, आणि अण्णांच्या वयाला ते बरं. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. सोबत केमो लागेल का, ते आज कुणीच सांगू शकत नाही. काढलेल्या भागाच्या कडेला आजार सापडला, किंवा मानेतली गाठ फोडून तो बाहेर आलेला दिसला, तरच तो प्रश्न येतो. तो आला तर या मूत्रपिंडांना मी सिस्प्लॅटिन देणार नाही. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांना रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध दिल्याचा टाटाचाच अभ्यास आहे. त्यात दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. पण सत्तरीनंतर रेडिएशनला केमो जोडून फारसा फायदा दिसत नाही, असं सांगणारा जुन्या अभ्यासांचा मोठा एकत्रित आढावाही आहे. म्हणजे त्या दिवशी आमच्यात पुन्हा वाद होणार. होऊ दे.

रेडिएशन सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, सलग. मध्ये खाडे झाले तर कॅन्सरला डोकं वर काढायला वाव मिळतो. दादा-वहिनी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातील, मग अण्णांजवळ कोण राहणार? हे घरगुती म्हणून बाजूला ठेवू नका, बोर्डासमोर मोकळेपणाने सांगा. अर्धवट सुटणाऱ्या मोठ्या उपचारापेक्षा पूर्ण होणारा लहान उपचार कधी कधी बरा असतो, आणि हे आम्ही मनापासून तोलतो. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला इथल्यापेक्षा जवळ पडेल, ऑपरेशननंतरचं रेडिएशन तिथेही होऊ शकतं. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार आत्ताच काढून ठेव.

आता जे लिहिते त्याचा राग येऊ देऊ नकोस. तुम्ही अण्णांना "दाढेला सूज आहे" एवढंच सांगितलंय. पण परवा फोन त्यांच्या हातात दिलास तेव्हा ते मला म्हणाले, "पोरी, हे डॉक्टर लोक काय करायलेत? मला कुणी काहीच सांगंना." त्यांना कळतंय गं. जबडा गेल्यावर चेहरा बदलेल, काही महिने नाकातल्या नळीने जेवण जाईल, बोलणं अडखळेल. हे सोसायचं की नाही, हे दादाने ठरवायचं नाही आणि मीही नाही. मागे एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनी बोर्डात सरळ विचारलं होतं, "तोंडाने भाकर खाता येईल का?" नक्की सांगता येत नाही म्हटल्यावर त्यांनी ऑपरेशन नको म्हटलं. आमचे सर्जन खूप वाईट वाटूनही गप्प बसले आणि आम्ही रेडिएशनची आखणी केली. अण्णा याच्या अगदी उलटही सांगतील. पण त्यांना विचारायला तर हवं!

तर येत्या मंगळवारी त्यांना घेऊन ये. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ठोकळा लॅबमधून मागून घे, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सीटीची सीडी आण. साखरेच्या आणि बीपीच्या चालू गोळ्या पाकिटांसकट आण. दातांच्या डॉक्टरांना मी सांगून ठेवते, कारण किडलेले दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याची जखम न भरण्याची भीती असते. मुक्काम माझ्याकडेच. आणि निघायच्या आधी, रविवारी वगैरे, तू आणि दादा अण्णांजवळ बसून त्यांना आजाराचं नाव सांगा. तुमच्याच्याने झालं नाही तर मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी मी सांगेन, पण बोर्डाच्या दारात उभं राहून नको.

तुझीच,
शालू