लेखाआक्षेपाचा भुर्दंड करदात्याने का भरायचा? : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या नगरपरिषदेने भर चौकात लावलेल्या थकबाकीदारांच्या फलकावर माझे नाव लागले. २०२२-२३ चा मालमत्ता कर ७,२०० रुपये, त्यावर दरमहा दोन टक्क्यांनी ३६ महिन्यांची शास्ती, म्हणजे दंड, ५,१८४ रुपये, एकूण येणे १२,३८४ रुपये. यांतली कराची ७,२०० रुपयांची रक्कम मी मार्च २०२३ मध्येच दारात आलेल्या वसुली पथकाकडे रोख भरलेली आहे. पावती माझ्याजवळ आहे. तिच्यावर पुस्तक क्रमांक आहे, पावती क्रमांक आहे, कार्बनची निळी अक्षरे अजून स्पष्ट वाचता येतात, वसुली लिपिकाची सही आहे आणि नगरपरिषदेचा गोल शिक्काही आहे. त्यानंतर आलेल्या तिन्ही वर्षांच्या बिलांत ‘मागील बाकी’ या रकान्यात शून्य होते. असे असताना यंदा अचानक मागणीची नोटीस आली. मुख्याधिकाऱ्यांना पावतीची प्रत देऊन भेटलो तेव्हा त्यांनी नोटीस मागे घेतली जाईल असे लेखी कळवले. ते पत्र माझ्या हातात पडल्यानंतर काही दिवसांतच हा फलक लागला.

कर विभागातल्या लिपिकाला मी कारण विचारले. त्याने दिलेले उत्तर जसेच्या तसे सांगतो : “काका, ते पावती पुस्तक ऑडिटला मिळालं नाही. ज्यांचा भरणा दिसत नाही, त्यांची बाकी परत काढायला सांगितलं, म्हणून काढली.” माझी पावती खोटी आहे का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “खरीच असेल, पण सिस्टीममध्ये भरणा नाही ना.”

महोदय, या पत्राचा विषय या दोन वाक्यांत आहे. माहितीच्या अधिकारात मी त्या वर्षीच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत मिळवली आणि अभिलेखही तपासले. काही पावती पुस्तके तपासणीस सादर केली नाहीत, त्यांवरील वसुलीचा भरणा पडताळता आला नाही, जबाबदारी निश्चित करून अनुपालन, म्हणजे आक्षेपाची पूर्तता, सादर करावे, असा आक्षेपाचा परिच्छेद त्यात स्पष्ट आहे. लेखापरीक्षकाने आपले काम केले होते. नगरपरिषदेने त्याचे अनुपालन असे केले की पैसे घेणाऱ्याला काहीही न विचारता पैसे देणाऱ्यांच्या नावावर ती रक्कम पुन्हा चढवली, आणि वर ‘येणे रक्कम मागणीत समाविष्ट केली’ असे उत्तर पाठवून दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पावती पुस्तकांच्या साठा नोंदवहीत माझ्या पुस्तकाची ओळ मी स्वतः पाहिली. पुस्तक दिल्याची तारीख आहे, घेणाऱ्याची सही आहे, आणि ‘परत आल्याची तारीख’ हा रकाना कोरा आहे. त्याच पानावर असे कोरे रकाने आणखी होते. ते कोणालाही दिसले नाहीत यावर मी कसा विश्वास ठेवू? त्या वहीवर दरमहा सही करणारा कोणी अधिकारी असेल, तर त्याला ते दिसायलाच हवे होते.

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. रोख खिडकीवर आणि खाते ताळमेळावर माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे दिवसाची रोख जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे आणि कोऱ्या चेकबुकांचा साठा मोजून सही केल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे. त्यामुळे नगरपरिषदेच्या हिशेबात धोका नेमका कुठे असतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. दुःख याचे आहे की तो ज्यांना कळायला हवा त्यांनाही कळतो, आणि तरी दरवर्षी तेच परिच्छेद पुन्हा लिहिले जातात.

लेखापरीक्षणात जोखीम तीन अंगांनी मोजतात. पहिली व्यवहाराच्या स्वरूपातच असते; दारोदार फिरून रोख गोळा करायची म्हटल्यावर ती असणारच. दुसरी असते कार्यालयाने ती अडवण्यासाठी घातलेल्या तपासण्या प्रत्यक्षात किती चालतात याची. आणि या दोन्हींतून निसटलेली चूक लेखापरीक्षकाच्याही नजरेतून सुटेल, ही तिसरी. पहिल्या दोन जिथे मोठ्या दिसतील तिथे लेखापरीक्षकाने नमुना मोठा घ्यायचा, वेळ जास्त द्यायचा, कागदावर न थांबता करदात्याच्या घरी जाऊन त्याच्याकडची पावती पाहायची, असा या मोजणीचा अर्थ आहे. सर्व व्यवहार तपासणे कोणालाच शक्य नसते, म्हणून तर आधी जोखीम मोजायची. पण मोजणी न करताच सगळ्या विभागांना सारखे दिवस वाटून दिले, तर सुस्थितीतल्या नोंदवह्या तपासण्यात वेळ जातो आणि हरवलेल्या पुस्तकाच्या वाट्याला चार ओळींचा परिच्छेद येतो.

आमच्यासारख्या कुठल्याही नगरपरिषदेत ही मोजणी करायला बसले, तर सर्वांत आधी बँक ताळमेळ, म्हणजे रोकडवही आणि बँकेतले खाते यांची जुळणी, पाहावा लागेल. योजना आली की तिचे स्वतंत्र खाते उघडले जाते, योजना संपते, खाते मात्र राहते. पाणीपुरवठ्याचे, स्वच्छतेचे, वित्त आयोगाचे, घरकुलांचे, अशी खाती वेगवेगळ्या शाखांत पडून असतात आणि त्यांवरचे व्याज रोकडवहीत येतेच असे नाही. ‘रोकडवहीत जमा, बँकेत जमा नाही’ या सदराखालची रक्कम एक-दोन दिवसांची असेल तर ती वाटेत आहे असे समजता येते. तीच रक्कम महिनोन्‌महिने त्या सदरात राहिली, तर ती वाटेत नाही, ती कोणाच्या तरी हातात आहे, असे समजून चौकशी लावली पाहिजे. माझे पैसे तर त्याहून वाईट जागी गेले. ते रोकडवहीतही आले नाहीत.

दुसरी जागा परक्या पैशाची. नगरपरिषद मालमत्ता कराबरोबर शिक्षण कर वसूल करते, तो १९६२ च्या उपकर अधिनियमाखाली राज्य शासनाचा पैसा आहे आणि तो शासनाच्या तिजोरीत भरायचा असतो. ठेकेदाराच्या देयकातून कामगार कल्याण उपकराचा एक टक्का कापला जातो, आयकर कापला जातो, अडीच लाखांवरच्या करारांतून वस्तू व सेवा कराचे दोन टक्के कापले जातात. ही सगळी रक्कम मुदतीत पुढे भरायची असते आणि उशीर झाला की व्याज व दंड लागतो. ठेकेदारांच्या बयाणा रकमा आणि सुरक्षा अनामती याही नगरपरिषदेच्या नाहीत. पगाराला पैसे कमी पडले की हात आधी या पैशाला लागतो, आणि वर्षअखेरच्या ताळेबंदात ती देणी पूर्ण दाखवली जातातच असे नाही. हा दंड शेवटी नगरपरिषद निधीतून, म्हणजे माझ्याच करातून जातो.

कामांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर सगळेच बोलतात. ई-निविदा टाळण्यासाठी एकाच रस्त्याचे तुकडे पाडून अंदाजपत्रके करणे, मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष न जाता मापे लिहिणे, कर्मचाऱ्यांना आगाऊ दिलेल्या रकमांचा (अग्रिमांचा) हिशेब वर्षानुवर्षे न मिटवणे, हे आक्षेप लेखापरीक्षकांना पाठ झाले असतील. पण रस्ता निदान लोकांना दिसतो, खराब झाला तर ओरड होते. पावती पुस्तक हरवले तर ओरडायला कोणी नसते, म्हणून मला तो धोका अधिक मोठा वाटतो.

आता कायद्याचे. नगरपरिषदांसारख्या स्थानिक संस्थांच्या हिशेबांची तपासणी म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षा; तिचा आपला अधिनियम १९३० चा आहे आणि बेकायदा खर्चाची किंवा गैरवर्तणुकीने झालेल्या नुकसानीची रक्कम जबाबदार व्यक्तीवर बसवण्याची तरतूद त्यात आहे. नगरपरिषदांचा अधिनियम १९६५ चा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तिच्यातील २४३-झेड या अनुच्छेदाने नगरपालिकांचे हिशेब व लेखापरीक्षण यांची तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोन्हीकडे नोंदवायच्या द्विनोंदी पद्धतीसाठी २००४ मध्ये राष्ट्रीय नियमपुस्तिका आली, राज्याची नवी लेखा संहिता २०१३ ची आहे. तेराव्या वित्त आयोगाने कॅगचे, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, लेखापरीक्षणाला तांत्रिक मार्गदर्शन अनुदानाशी जोडले. यात कमी काय आहे? कायदा आहे, संहिता आहे, लेखापरीक्षेचे संचालनालय आहे, अहवाल आहे. नसतो तो अहवालावर जाब विचारणारा माणूस.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात देशातील स्थानिक संस्थांसाठी ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले, त्यांपैकी १,२१,०५५ कोटी नागरी संस्थांसाठी. २०२३-२४ पासून अट अशी होती की मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध केल्याशिवाय संस्थेला अनुदान मिळणार नाही. चांगली अट आहे, मी तिचे स्वागतच करतो. पण तिने हिशेब वेळेवर चढले पाहिजेत एवढेच साधले. लेखापरीक्षकाने त्या हिशेबांवर काय लिहिले, किती आक्षेप प्रलंबित आहेत, किती पावती पुस्तके परत आलेली नाहीत, याचा अनुदानाशी संबंध जोडला नाही. मग कार्यालयाचे सगळे लक्ष हिशेब अपलोड करण्याकडे लागते आणि त्या हिशेबांतली जोखीम जिथल्या तिथे राहते.

त्यात प्रशासकीय राजवटीची भर पडली. संविधानाच्या २४३-यू अनुच्छेदाप्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घ्यायची. प्रत्यक्षात राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर झाल्या. मधल्या काळात देयक मंजूर करणारा, ठराव करणारा आणि लेखाआक्षेपाला उत्तर देणारा अधिकारी बहुतेक ठिकाणी एकच होता. सभागृहच नसेल तर अहवाल मांडायचा कोणापुढे? ज्याच्यावर आक्षेप, त्यानेच अनुपालन लिहायचे आणि त्यानेच ते पुरेसे आहे असे ठरवायचे, ही व्यवस्था शासनाने इतकी वर्षे चालू दिली. माझे पैसे मार्च २०२३ मध्ये गेले ते याच काळात. लोकशाही थांबली की काय होते, हे मला पुस्तकातून वाचावे लागले नाही.

मला १२,३८४ रुपयांचा प्रश्न नाही असे मी म्हणणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ती रक्कम मोठी आहे. पण त्याहून मोठे आहे ते त्या फलकावरचे नाव. भाजी घ्यायला जाताना बायको आता तो चौक टाळून दुसऱ्या रस्त्याने जाते. ओळखीची माणसे थांबून चौकशी करतात, आणि प्रत्येकाला पावती दाखवत मी फिरू शकत नाही. ज्याने दुसऱ्याच्या पैशाची पै न्‌ पै मोजत आयुष्य काढले, त्याला म्हातारपणी करबुडवा म्हणून चौकात उभे केले, आणि ज्याच्या सहीने पैसे घेतले गेले तो आजही त्याच कार्यालयात बसतो आहे. हे मला सहन होत नाही आणि ते मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही.

माझी पहिली मागणी ही की लेखापरीक्षणात न मिळालेल्या पावती पुस्तकांवरील कोणतीही रक्कम करदात्याच्या नावावर पुन्हा चढवण्यास आपल्या विभागाने परिपत्रकाद्वारे मनाई करावी, आणि पावती दाखवणाऱ्याचा भरणा मान्य करून तफावत संबंधित कर्मचारी व त्याच्या पर्यवेक्षकाकडून वसूल करावी. ज्यांच्यावर अशी बाकी काढली गेली असेल त्यांची नावे फलकांवरून तत्काळ उतरवावीत. दुसरे, वित्त विभागाशी बोलून स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या दरवर्षीच्या नियोजनात प्रत्येक नगरपरिषदेचे जोखीम मूल्यांकन लेखी असावे असे ठरवावे : रोख वसुलीचे प्रमाण, ताळमेळ न झालेली खाती, परत न आलेली पुस्तके, न भरलेल्या कपाती, जुनी अग्रिमे आणि मागच्या अहवालातले प्रलंबित परिच्छेद, या आधारावर तपासणीचे दिवस ठरावेत आणि ते मूल्यांकन अहवालासोबत नागरिकांना वाचायला मिळावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. त्यातील चौथ्या कलमाप्रमाणे ही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला काहीच आडकाठी नाही. दारावरची रोख वसुली चालू ठेवायची असेल तर हाताने लिहिलेली पावती बंद करून यंत्रातून निघणारी आणि त्याच क्षणी करदात्याच्या मोबाईलवर संदेश पाठवणारी पावती सक्तीची करावी.

आणि एक. नव्याने निवडून आलेल्या प्रत्येक नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत प्रशासकांच्या काळातले सगळे लेखापरीक्षण अहवाल, त्यांतील अर्धसमास पत्रांवर (लेखापरीक्षक तपासणीच्या वेळी शंका लिहून उत्तर मागतो त्या पत्रांवर) दिलेल्या उत्तरांसह, मांडायला आपण सांगावे. त्या सभेला मी प्रेक्षक म्हणून येईन आणि साठा नोंदवहीतील त्या पानाची प्रत सोबत आणीन. नगरसेवकांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही, तर पुढचे पत्र त्यांच्या नावे असेल.

कळावे,

आपला,
एक नियमित करदाता