दारावरच्या पेन्सिलच्या रेघा

नागपूर

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या विद्यापीठांच्या अर्जासाठी लिहिलेलं, परवा पाठवलेलं मोटिव्हेशन लेटर मी दोनदा वाचलं. इंग्रजी शुद्ध आहे, चूक एकही सापडली नाही. पण त्यात तू कुठेच सापडली नाहीस, बाळा. ‘लहानपणापासून मला जलव्यवस्थापनाची ओढ होती’ हे वाक्य तुझं नाही. ते त्या कन्सल्टन्सीतल्या मुलाचं आहे, आणि तेच वाक्य त्यानं आणखी कितीजणींना दिलं असेल कोण जाणे. ते पाठवू नकोस. स्वतः लिही.

तुझी ओढ कधीची ते मला ठाऊक आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. रात्रभर ढग फुटल्यासारखा पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिलेला, नाग नदी रस्त्यावर. बाबा ओरडले, “अवं उठा, घरात पाणी येऊन राहिलं!” मी कपाटातले कागद वर फेकत होते, बाबा आजीला उचलून जिन्यावर नेत होते. पाणी ओसरू लागलं तेव्हा तू पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिलीस आणि दर अर्ध्या तासानं रेघ मारून शेजारी वेळ लिहीत गेलीस. तेव्हा मला तुझा राग आला होता. घर चिखलात आणि ही काय रेघा मारते! चार दिवसांनी तू वहीत त्याचा आलेख काढलास, पाणी किती हळू उतरलं, ते आम्हाला समजावलंस. हे पाणी असं का चढलं, याचा वाद पुढे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. त्याचं उत्तर तुला मोजमापातून शोधायचं आहे. ड्रेस्डेनच्या प्राध्यापकांना हे लिही. त्यांच्या शहरातही २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे नदी शिरली होती. दारावर रेघा मारणारी मुलगी त्यांना लगेच कळेल.

आता त्या राहिलेल्या विषयाचं. त्याच हिवाळी परीक्षेत तुझा एक पेपर गेला. नोट्स लगद्यासारख्या झाल्या होत्या, पंधरा दिवस आपण गाळ काढत होतो. कन्सल्टन्सीवाला म्हणतो, त्याचा उल्लेखच नको, फक्त पास झालेली गुणपत्रिका लाव. माऊ, मी सव्वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात गुणपत्रिका हाताळते आहे. कागदावरचं काही लपत नाही, आणि लपवलेलं सापडलं की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. जर्मनीच्या व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या मुलांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, ते कागद खरे आहेत की नाहीत हे तपासण्यासाठीच. सगळ्या गुणपत्रिका लाव. पत्रात दोन ओळी लिही: पूर आला, पेपर गेला, पुढच्या वेळी सुटला. रडगाणं नको, लाजही नको.

आणि दहापैकी ७.६ ची तुझी सरासरी म्हणजे कमी, असं मनात आणू नकोस. आपले गुण जर्मन गुणांत बदलायचं त्यांचं सूत्र मी कागदावर मांडून पाहिलं. कमाल १०, पास ४ धरलं तर १० मधून ७.६ वजा, उरले २.४, त्याला ६ नं भागून ३ नं गुणायचं आणि १ मिळवायचा. २.२ येतात. तिकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. २.२ चांगले आहेत.

नावाचं मात्र बघ. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे टाक. एका अक्षराच्या फरकापायी मुलं आमच्या खिडकीशी रडताना मी पाहिली आहेत.

पैशांचा विचार आम्ही केला आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवायचे ११,९०४ युरो ऐकून बाबा दोन दिवस गप्प होते. मग मी त्यांना सांगितलं, ही फी नव्हे, तुझ्याच नावावर राहणारे पैसे आहेत. महिन्याला ९९२ युरो तुलाच मिळतील, खोलीभाड्याला, खाण्याला, विम्याला. ते एफडी मोडायला तयार आहेत. बेलतरोडीचा प्लॉट तारण ठेवायचा की नाही हे बँकेत विचारून ठरवू, त्याची काळजी तू करायची नाही. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे मात्र सरसकट खरं नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. तरी तिथला अभ्यासक्रम तुला मनापासून आवडला असेल तर अर्ज कर. विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० लागतात, म्हणून दहा ठिकाणी उगाच करू नकोस. चार नीट निवड.

तू गेलीस तर घर रिकामं होईल. आजी आत्तापासूनच विचारते, तिकडे सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, मिळतो का. मला रडू येईल, ते येऊ दे. त्यासाठी तू पुण्यात थांबावंस असं मला एकदाही वाटलं नाही.

घराला रंग दिला तेव्हा बाबांनी ते दार तसंच ठेवलं, रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. आज त्याचा फोटो काढून पाठवते आहे. खालच्या तीन रेघांच्या वेळा पुसट झाल्या आहेत. तुला वाचता आल्या नाहीत तर फोन कर, मी बॅटरी लावून वाचून सांगते.

तुझी,
आई