ओट्यावर उजेड आणणाऱ्या वायरमनकाकांना

आदरणीय वायरमनकाका,
सप्रेम नमस्कार.

कामाचे पैसे दिले, पावतीही मिळाली. पावतीत न मावलेल्या गोष्टींसाठी हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. फोंड्यात आणि आसपास स्वयंपाकघराचं काम काढणाऱ्या इतरांनाही तुम्ही किती मन लावून काम करता ते कळावं, असं फार वाटतं.

आमच्या वरच्या कपाटांखाली जुन्या टी-५ ट्यूब होत्या, २८ वॅटच्या दोन. त्यांची टोकं काळी पडली होती, चोक गुणगुणायचा आणि पावसाळी हवेत तर त्या बराच वेळ लुकलुकत राहायच्या. घरात मासळी साफ करण्याचं काम अजूनही सासूबाईंचं. छताचा दिवा त्यांच्या पाठीमागे, त्यामुळे हाताखाली त्यांचीच सावली. बांगड्याचे कल्ले लाल आहेत की तपकिरी, हे पाहायला त्या ताट उचलून खिडकीपाशी जायच्या. संध्याकाळी तर खिडकीचाही उपयोग नाही.

तुम्ही आल्या आल्या दर सांगितला नाहीत, टेपही काढली नाहीत. "आजी, तुम्ही नेहमी कुठे उभ्या राहता?" एवढंच विचारलंत. त्यांना तिथे उभं करून सावली कुठवर येते ते पाहिलंत, आणि त्यावरून एलईडी पट्टीची जागा ठरवलीत. बऱ्याच घरांत ती कपाटाखाली मागे, भिंतीलगत लावलेली मी पाहिली आहे. तिथे टाइल्स छान उजळतात, पण चिरणाऱ्या हातापर्यंत उजेड नीट पोचत नाही. तुम्ही ती पुढच्या कडेला, ४५ अंशांच्या ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये बसवलीत. कपाटाच्या पुढच्या पट्टीमुळे डोळ्यांवर काहीच येत नाही, सगळा उजेड ओट्यावर.

मग तो बांगडा! त्याच ताटातल्या एका बांगड्यावर तुम्ही दोन पट्ट्या आळीपाळीने धरल्यात. स्वस्त पट्टीखाली कल्ले मळकट दिसत होते, दुसरीखाली लालभडक. मासा तोच. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते, तिच्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो, आणि हलक्या मालात लाल रंगाचा अंश कमी पडतो, हे तुम्ही सासूबाईंना इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंत की पुढे त्यांनी शेजारणीला जसंच्या तसं ऐकवलं. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा त्याहून वर असलेली पट्टी घ्या, हा तुमचा सल्ला. आमच्यासारख्या मासळीच्या घरात ही चैन नाही, गरज आहे. कोथिंबिरीचा हिरवेपणा आणि तिसऱ्यांमधली वाळूसुद्धा आता नजरेतून सुटत नाही.

ओटा काळ्या पॉलिश ग्रॅनाइटचा आहे हे पाहून तुम्ही चॅनेलवर दुधी झाकण आग्रहाने लावायला लावलंत. झाकण काढून दाखवलंत तेव्हा ग्रॅनाइटमध्ये एकेक ठिपका वेगळा चमकत होता, आणि त्यात सुरी कुठे ते कळेना. चॅनेलचं ॲल्युमिनियम एलईडी पट्टीची उष्णताही ओढून घेतं, त्यामुळे ती जास्त टिकते. नुसती चिकटवलेली पट्टी फोडणीच्या वाफेने आणि तेलकटपणाने सुटत जाते. म्हणून तुम्ही आधी स्पिरिटने जागा पुसलीत, चॅनेल स्क्रूने कसलंत.

आमचा ओटा इंग्रजी एल आकाराचा. कोपऱ्यावरून वायर वळवायची म्हणून तुम्ही १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी निवडलीत. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो, त्यामुळे शेवटचं टोक मंद पडत नाही. पट्टी ३ मीटर, मीटरला ९.६ वॅट, म्हणजे सगळी मिळून साधारण २९ वॅट. तरी ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज पट्टीसाठी २४ व्होल्टवर आणणारी पेटी, ६० वॅटचा घातलात, म्हणजे तो कायम ताणात चालणार नाही. तोही गॅसपासून लांबच्या कपाटात, उद्या काढायचा झाला तर सहज हात पोचेल असा. जोड मात्र तुम्ही चिमट्याच्या कनेक्टरने केले नाहीत. "आपल्या हवेत ते गंजतात," म्हणालात आणि प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवलीत.

जुन्या फिटिंगला अर्थिंगच नव्हतं. तुम्हाला ते काम कुणी सांगितलं नव्हतं, बोर्डापासून ड्रायव्हरच्या धातूच्या पेटीपर्यंत हिरवी वायर ओढल्याशिवाय तुम्ही मेन मात्र चालू केला नाहीत. ओल्या हातांनी वावरणाऱ्या बाईला याचं मोल विचारा. आधीचं काम ज्यांनी केलं त्यांनी ही वायर का टाकली नाही, देव जाणे. पण ती आता आहे, तुमच्यामुळे.

काढलेल्या ट्यूबही तुम्ही कागदात गुंडाळून, न फोडता नेल्यात. आत पारा असतो, तो घरच्या कचऱ्यात जाऊ नये, हे समजावून सांगायला तुम्हाला त्या दिवसाचा एक पैसाही जास्त मिळणार नव्हता.

खतखत्याच्या भाज्या चिरताना, नेवऱ्यांच्या कडा मुरडताना यंदा चवथीला सासूबाईंना कुणाला "जरा बाजूला हो, उजेड अडतो" म्हणावं लागणार नाही. त्यांचा निरोप आहे: पहिल्या दिवशी दर्शनाला यायचं, काकूंनाही आणायचं, आणि जेवूनच जायचं. शेजारणीने तुमचा नंबर घेतला आहे. तिच्या ओट्यावरही ग्रॅनाइटच आहे.

तुमची कृतज्ञ,
फोंड्यातली एक गृहिणी