मुंबईच्या मुलांना एक पंप ट्रॅक हवा आहे: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

लालबागमध्ये माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी इथे तासाच्या भाड्याने सायकली मिळायच्या, आणि गिरणीत पाळीला निघालेले कामगार पंक्चर काढायला थांबायचे. आता जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन शाळकरी मुलं येतात. त्यांना सायकल खेळवायला सुरक्षित जागा म्हणून एक पंप ट्रॅक मिळावा, यासाठीच हे पत्र.

गेल्या मे महिन्यात तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा सायकल खांद्यावर घेऊन दुकानात आला. पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं, चार आरे तुटलेले, चाक धरणारा चिमटा मागे दबलेला. उजव्या तळहाताची साल निघाली होती आणि जखमेत रस्त्यावरची बारीक कच रुतलेली होती. उड्डाणपुलाखाली पाच विटा रचून त्यावर प्लायवूडचा तुकडा टेकवून त्याने उडी मारली होती. अंदाज चुकला आणि तो थेट गाड्यांच्या रस्त्यावर पडला. मागच्या टॅक्सीवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून तो माझ्यासमोर उभा होता. मी नळाखाली त्याचा हात धुतला, ओरडलोही. तो निमूट ऐकत होता. मग काखेतला प्लाय पुढे करून म्हणाला, "काका, एवढा ठेवाल का? घरी दिसला तर मम्मी फेकून देईल."

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, मी काढून दिला. प्लाय कॉम्प्रेसरच्या मागे उभा करून ठेवलाय, आणि आतापर्यंत तीनदा मागायला आला तरी त्याला दिलेला नाही. पण माझ्या दुकानाने किती प्लाय अडवायचे? जवळच्या एका मैदानाच्या फाटकावर 'सायकल आणण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे. चालायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना धक्का लागतो, ही तक्रारही खरीच आहे. म्हणजे सायकलला मैदानात जागा नाही आणि फुटपाथवर तर नाहीच. राहिला तो उड्डाणपुलाखालचा अंधार.

यावर उपाय आहे, आणि तो फार महागडा नाही. पंप ट्रॅक म्हणजे लहानमोठ्या उंचवट्यांची आणि आत कललेल्या वळणांची बंद फेरी. त्यावर पॅडल मारायचं नसतं. उतारावर हातापायांनी सायकल खाली दाबायची, चढावर अंग हलकं सोडायचं, की वेग आपोआप येतो. झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवतो ना, अगदी तसंच. गिअर लागत नाहीत, मोठी सायकल लागत नाही. बिनपॅडलच्या सायकलवरचं तीन वर्षांचं पोर आणि कॉलेजची मुलगी एकाच फेरीत शिकू शकतात. डांबरी ट्रॅक असेल तर स्केटिंगवालेही येतात. माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवरची सायकल शर्यत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून आणि बीएमएक्स, म्हणजे छोट्या सायकलींची उंचवट्यांवरची शर्यत, २००८च्या बीजिंगपासून ऑलिंपिकमध्ये आहे. या दोन्ही खेळांत लागणारा तोल आणि वळणावरचा ताबा पंप ट्रॅकवर कमावता येतो. पदकांची गोष्ट मात्र पुढची. मला आज त्या पोराचा तळहात दिसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी भात काढून झाल्यावर पुतण्यांनी रिकाम्या खाचरात फावडी घेऊन असा ट्रॅक केला. एक फूट उंचीला साधारण दहा फुटांचं अंतर ठेवायचं, हे त्यांनी मोबाइलवर बघून ठरवलं होतं. पाणी मारून धुमसाने माती चोपायला आठवडा गेला. मे अखेरपर्यंत वाडीतली सगळी पोरं संध्याकाळी तिथेच असायची. पण जूनच्या पहिल्या दोन सरींतच सगळे उंचवटे वितळले आणि खाचर पुन्हा सपाट झालं.

म्हणून मुंबईत मातीचा ट्रॅक नको. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली चोपलेला मुरूम आणि खडी, वर डांबर, असंच काम हवं. त्यातही दोन उंचवट्यांमधल्या खोलगट जागेत पाणी तुंबता कामा नये, नाहीतर मुलांऐवजी डासच वाढतील. तेव्हा प्रत्येक खळग्याला बाहेरच्या बाजूला निचरा द्यावा लागेल. त्या वळणांवर रोडरोलर चढत नाही. डांबर हाताने पसरून छोट्या यंत्रांनी दाबावं लागतं. रस्त्याच्या नेहमीच्या कंत्राटात हे काम घालू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. उंचवटा चार बोटांनी चुकला तरी सायकल तिथे अडखळते आणि पोर तोंडावर पडतं. शेवटचं बिल देण्याआधी चालवणाऱ्या मुलांकडून ट्रॅकवर फेऱ्या मारून घ्या.

माउंटन बाइक म्हटलं की कुणी डोंगराकडे बोट दाखवील. सुट्टीच्या पहाटे येऊरला, आरेत, खारघरला जाणारे सायकलवाले माझेच गिऱ्हाईक आहेत. तरीही जंगलात नव्या वाटा पाडा असं मी म्हणणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बिबट्यांचं आणि तिथल्या पाड्यांचं आहे, आणि पावसाळ्यात टायरने उकरलेल्या वाटेचा बघता बघता ओहोळ होतो. कान्हेरीपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर सायकल चालवता येते, तेवढं पुरे. शिवाय लालबागच्या मुलाने लोकलच्या गर्दीत सायकल घेऊन बोरिवली गाठायची कशी?

जागा शहरातच आहे. महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी घेतली आहे आणि किनारी रस्त्यालगत भराव टाकून मिळालेली मोकळी जमीन आहे. तिथे बांधकामावर मर्यादा आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण पंप ट्रॅकला छप्पर लागत नाही, भिंत लागत नाही. एका टेनिस कोर्टाच्या जागेत लहान ट्रॅक बसतो. माटुंग्याला तुळपुळे उड्डाणपुलाखाली नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेणारी पायवाट असलेलं उद्यान झालं, ते रहिवाशांनी चिकाटीने मागितलं म्हणून. पुलाखाली तर पावसाचाही त्रास कमी.

प्रत्येक वॉर्डात एक द्या, असं मी मागत नाही. एकदम सगळीकडे करायला गेलो तर सगळेच बिघडतील. आधी एकच करा, नीट करा, आणि जिथे आधीच गर्दीने राहणारी मुलं आहेत तिथे करा. तिकीट ठेवू नका. हेल्मेटची सक्ती मात्र ठेवा, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याला तिथेच तासापुरतं मिळेल अशी सोय करा. मुलींसाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी राखून ठेवा. सुरुवातीला मुलगे जागा सोडत नाहीत, हे मी गावच्या खाचरात पाहिलं आहे.

दिवाळीनंतर काम सुरू झालं तर मेच्या आत डांबर नीट बसेल. त्यासाठी आराखडा पावसाळ्यातच मंजूर व्हायला हवा, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे. ट्रॅक झाला की दर रविवारी सकाळी पाना, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन मी तिथे बसेन आणि मुलांच्या सायकली फुकट दुरुस्त करून देईन. पाहणीसाठी आपल्या अभियंत्यांना कोणी माणूस हवा असेल तर दुकान बंद ठेवून मी येईन.

आपला नम्र,
लालबागचा एक सायकल मेकॅनिक